आजोबांच्या ट्रंकेतला दहा रुपयांचा शेअर: अपना बाजार की दुसरं कुठलं भांडार?

नायगाव_बेचाळीस

चाळीचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे खोली रिकामी करतोय. माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक काल खाली काढली. आत आजीचं जुनं रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला, एसटीची दोन तिकिटं (कशाला जपली होती देव जाणे) आणि दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक जाड कागद. वर ‘भाग दाखला’, खाली ‘रुपये दहा फक्त’, आजोबांचं नाव, सभासद क्रमांक ३१७ आणि चिटणिसांची सही. संस्थेच्या नावाचा अर्धा भाग वाळवीने खाल्लाय. ‘कामगार ग्राहक सहकारी’ एवढंच वाचता येतं. मागच्या बाजूला निळ्या शाईत लाभांशाच्या चार नोंदी, शेवटची १९७९ची.

बाबा म्हणतात, हा अपना बाजारचाच. आमच्या घरात सगळं तिथूनच यायचं म्हणे. मी थोडं विचारून, थोडं वाचून जमवलंय ते असं: अपना बाजारची सुरुवात १९४८च्या मे महिन्यात आमच्याच नायगावात झाली. गिरणी कामगार आणि समाजवादी विचारांचे कार्यकर्ते यांनी मिळून काढलेली ती सोसायटी. १९६८ साली तिचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर नायगावातच उघडलं. धान्य, कापड, भांडी, औषधं, सगळं एका छताखाली. चाळीतल्या बायका नुसतं बघायला जायच्या, असं आजी सांगायची. एकेक वस्तू हातात घेऊन पाहता येते आणि कुणी ‘घ्यायचंय का नुसतं बघताय’ म्हणत नाही, याचं तिला फार अप्रूप.

दोन प्रश्न आहेत. हा शेअर खरंच अपना बाजारचा असेल का? आणि १९४८ सालीच असं दुकान काढावंसं का वाटलं असेल? नुकतंच स्वातंत्र्य मिळालेलं, लोकांच्या डोक्यात इतर हजार गोष्टी असतील.

शिधापत्रिका

भारी धागा. दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो.

मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं. युद्ध संपलं तरी ते चालूच होतं. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारने धान्यावरची नियंत्रणं उठवायला सुरुवात केली. गांधीजींचा नियंत्रणांना विरोध होता, ते त्यामागचं मोठं कारण. पण नियंत्रण उठलं आणि भाव भडकले. पुढे १९४८ सरायच्या आत सरकारला नियंत्रणं परत आणावी लागली. म्हणजे तुम्ही म्हणता तो मे १९४८ नेमका त्या मधल्या महिन्यांतला. रेशनचा आधार डळमळीत आणि खुल्या बाजारात भाव हाताबाहेर. गिरणीतला माणूस वाण्याकडून वहीवर माल उचलायचा, पगार झाला की चुकता करायचा. उधारी असली की भाव विचारायची सोय नसते, वजन बघायची तर त्याहून नसते. अशा वेळी ‘आपलंच दुकान काढू’ हे सुचायला फार मोठं तत्त्वज्ञान लागत नाही.

पोटनियम

तत्त्वज्ञान लागत नाही हे मान्य, पण नमुना डोळ्यांसमोर होता. इंग्लंडात रॉचडेल गावच्या २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, माणशी एक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर दुकान उघडलं. माल काय, तर पीठ, ओटचं पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या. त्यांचे नियम जगभरच्या ग्राहक संस्थांनी उचलले: माल शुद्ध, माप पुरं, व्यवहार रोखीने, एका सभासदाला एकच मत आणि नफा वाटायचा तो ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात. विणकर आणि आपले गिरणी कामगार, एकाच धंद्यातली माणसं.

आपल्याकडे १९०४चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. ग्राहक भांडारासारख्या संस्थांना कायद्याने मोकळीक दिली ती १९१२ मध्ये. मुंबई प्रांताचा वेगळा कायदा १९२५चा आणि आता चालतो तो महाराष्ट्राचा १९६०चा. मद्रासच्या ट्रिप्लिकेन सोसायटीने मात्र १९०४ मध्येच दुकान थाटलं होतं. आणि मराठी माणसाला मिरवायचंच असेल तर कायदा यायच्या आधी, १८८९ मध्ये, बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली होती. ती पतपेढी, दुकान नव्हे.

आता तुमच्या शेअरकडे. अपना बाजारच्या नोंदणीतल्या नावात ‘मुंबई कामगार’ आणि ‘मध्यवर्ती ग्राहक’ असे शब्द आहेत. सहकारात ‘मध्यवर्ती’ म्हणजे घाऊक खरेदी करून खालच्या प्राथमिक भांडारांना माल पुरवणारी संस्था. तुमच्या दाखल्यावर ‘कामगार ग्राहक’ सलग आहे, मध्ये ‘मध्यवर्ती’ नाही. मला शंका येते. गोल शिक्का असेल तर त्यावर काय आहे ते बघा.

लालबागची_लेक

शिक्का मिळेपर्यंत माझी भर. मी सत्तरच्या दशकात शाळेत होते. आमच्यासाठी भांडार म्हणजे जूनमधली वह्यांची रांग. सवलतीच्या वह्या! आणीबाणीतल्या वीस कलमांत विद्यार्थ्यांना स्वस्त वह्या-पुस्तकं हेही एक कलम होतं, हे मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक की कागद पिवळट आहे, शाई फुटते आणि मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेत. बाजारातली गुळगुळीत वही असलेल्या मुली आमच्याकडे कशा बघायच्या ते अजून आठवतं.

दुसरी रांग दिवाळीआधीची. रवा, मैदा, साखर आणि पामतेल. आई दोघा भावंडांना वेगवेगळं उभं करायची, कारण माणशी ठरावीकच मिळायचं. मापाचा माणूस पत्र्याच्या नरसाळ्यातून तेल ओतायचा आणि शेवटचा थेंब पडेस्तोवर नरसाळं उलटं धरून थांबायचा. मागची रांग ओरडली तरी हलायचा नाही. आई म्हणायची, “वाण्याच्या दुकानात हा शेवटचा थेंब कधी दिसला नाही.” आमच्या घरी भांडाराची सगळी अब्रू त्या थेंबावर होती.

कंट्रोलची, म्हणजे सरकारने भाव बांधून दिलेली, जाडीभरडी साडी पण तिथेच मिळायची. ती आईने एकदाच आणली.

शिधापत्रिका

ताई, थेंबाचं एकदम पटलं. १९७२च्या दुष्काळानंतर रेशनवर मिलो यायचा, तो लाल ज्वारीसारखा. भाकरी थापली की फाटायची. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचे लाटणं मोर्चे त्याच काळातले. तेल आणि रवा मिळणं हीच राजकारणातली मोठी गोष्ट होती.

आणि एक. शेर-मण जाऊन किलो आले १९५८ ते ६२च्या दरम्यान, नवे पैसे १९५७ पासून. माझे वडील सांगायचे, त्या दोन-तीन वर्षांत वाण्याने जुन्या-नव्या मापांत किती मारलं याचा हिशेब नाही. अर्ध्या शेराचे ग्रॅम किती, हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक? भांडारात मात्र भिंतीवर तक्ता टांगलेला असायचा. विश्वास बसला तो अशा गोष्टींनी.

पंचगंगाकाठ

मुंबईवाल्यांनी कोल्हापूर विसरू नये म्हणून आलो! शेतकरी सहकारी संघ १९३९चा, तुमच्या अपना बाजारच्या नऊ वर्षं आधीचा. तात्यासाहेब मोहित्यांनी वाढवला. बैल छाप खत म्हटलं की जिल्ह्यात दुसरं नाव सांगावं लागत नाही. तो मुळात शेतकऱ्यांचा खरेदी-विक्री संघ, पण खतापासून किराणा-औषधांपर्यंत हात पोचलेला. आणि वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्याच्या जोडीला वारणा बाजार उभा केला. खेड्यातल्या बाईला मोठ्या शहरासारखं दुकान, तेही सत्तरच्या दशकात. आमच्या मावशीच्या लग्नाचा सगळा बस्ता वारणा बाजारातला.

ह्या दोन्हींच्या मागं ऊस आणि शेती हाय, म्हणून टिकाव धरला, असं माझं मत. मुंबईत मागं गिरणी होती. गिरणी गेली की काय उरणार?

हिशेबनीस_नि

निवृत्त आहे, म्हणून लांब लिहितो, सांभाळून घ्या. मी १९७४ ते ९८ उपनगरातल्या एका ग्राहक भांडारात हिशेब बघितला. संस्थेचं नाव घेत नाही, ती आता नाही आणि तिची माणसं आहेत.

आधी सरकारचा भाग, कारण तो नेहमी गाळला जातो. १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्राने ग्राहक भांडारांची योजना आणली. शहराशहरांत मध्यवर्ती भांडार, त्याखाली प्राथमिक भांडारं, भागभांडवलात सरकारचा वाटा, गोदामाला कर्ज. १९६५ला राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ झाला. (२०२३मध्ये गाडीवरून भारत डाळ आणि स्वस्त टोमॅटो विकत होता तोच हा.) जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६वरून ७.५० रुपयांवर गेला. महागाई आवरायला त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाजार उघडला. मुंबईत अपना बाजारचं मोठं दुकान आणि ‘सहकारी भांडार’ नावाची दुसरी संस्था, हे दोन्ही १९६८चे. म्हणजे ह्या संस्थांना वारं मिळालं ते टंचाईचं. साखर, पामतेल, कंट्रोलचं कापड हा वाटपाचा माल आमच्याकडे यायचा, म्हणून गिऱ्हाईक यायचं आणि येता येता साबण, टूथपेस्टही घ्यायचं.

आता आतली गोष्ट. तेव्हा सहकारी वर्ष ३० जूनला संपायचं. त्या दिवशी दुकान बंद, मालमोजणी. भर पावसाळ्यात! गोदामात एकेक पोतं काट्यावर. गूळ पाझरून कमी झालेला, तांदळात किडे, फाटक्या पोत्यातली डाळ फरशीवर. पुस्तकात जेवढा माल दिसतो आणि काट्यावर जेवढा भरतो त्यातला फरक म्हणजे घट. थोडी घट मंजूर, त्यापुढची कुणाच्या अंगावर टाकायची यावरून रात्री अकरापर्यंत वाद. आमचा गोदामपाल दरवर्षी उंदरांना पुढे करायचा. एका वर्षी उंदरांनी पेराफिनच्या वड्या आणि दाढीची पाती खाल्ली असं त्याने लेखी दिलं. तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

आणि नफा कशातून यायचा? हसाल. रिकाम्या पोत्यांतून, तेलाच्या डब्यांतून आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. धान्यावर आमचा फायदा इतका बारीक ठेवलेला की पगार-भाडं जाऊन काही उरत नसे. बारदानाची विक्री धरली तर ताळेबंद काळ्यात, नाहीतर लाल. दोन वर्षं तर लाभांश बारदानाने दिला म्हणायला हरकत नाही.

मिसळ_पाव_किलो

काका, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. पण खरं सांगा, भांडारं बुडाली ती संचालकांनी खाल्ली म्हणूनच ना? भाच्याला नोकरी, मेव्हण्याला पुरवठ्याचं कंत्राट.

हिशेबनीस_नि

आमच्याकडे तेही होतं. एका संचालकांच्या नातलगाची उधारी मी सहा वर्षं ‘येणे बाकी’त नेली. ऑडिटरने दरवर्षी शेरा मारला, सभेत दरवर्षी तो शेरा वाचून झाला आणि दरवर्षी चहा-वेफर्सनंतर ताळेबंद मंजूर झाला. पण खाल्ल्याने बुडायला आधी काही शिल्लक लागते. आमच्या संस्थेत दोन हजारांवर सभासद. ऐंशीच्या दशकाअखेर महिन्याला खरेदी करणारे दोनशेही नसतील. सभेला मात्र सहाशे, कारण भेटवस्तू म्हणून स्टीलचा डबा असायचा.

टंचाई संपली हे खरं कारण. साखर, तेल कुठेही मिळायला लागलं. पाकिटांवर छापील किंमत आली, म्हणजे वाणी लुबाडेल ही भीती गेली. मग भांडारात रांग कशाला लावायची? वाणी तर घरपोच देतो, शिवाय महिन्याची वही. आम्ही पाच वाजता शटर ओढायचो. नोकरदार बाई सात वाजता लोकलमधून उतरते, हे आम्हाला वीस वर्षांत सुचलं नाही.

लालबागची_लेक

दुपारी एक ते चार बंद पण असायचं, ते लिहा.

हिशेबनीस_नि

लिहिलं असं समजा.

मिसळ_पाव_किलो

ह्यावर एक रोचक गोष्ट. डी-मार्टच्या राधाकिशन दमानींनी १९९९मध्ये नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती. ते मॉडेल त्यांना काही पटलं नाही. मग २००२मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट. म्हणजे आज आपण जिथे ट्रॉली ढकलतो त्याची एक उमेदवारी सहकाराच्या दुकानात झालेली आहे. आणि दिल्लीचं सुपर बाजार त्याच २००२मध्ये बंद पडलं.

अर्धापाव

माझ्या आईचा संघ अजून चालू आहे, म्हणून लिहिते. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत. ह्यांनी दुकान काढलंच नाही! शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ. महिन्याची यादी भरून द्यायची, ठरल्या दिवशी सगळ्यांचा माल एका घरी येतो, आपापसात मोजून वाटून घ्यायचा. भाडं नाही, शटर नाही, घट नाही, काकांचे उंदीर नाहीत. लहानपणी वाटपाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये तूरडाळीचा वास असायचा आणि जोडीला एकमेकींच्या सुनांच्या खबरा. ज्या महिन्यात वाटप आमच्याकडे, त्या महिन्यात बाबा मुद्दाम उशिरा घरी यायचे.

तोटा एकच, यादी चुकली तर महिनाभर हिंगाशिवाय.

नायगाव_बेचाळीस

सगळ्यांचे आभार. शिक्का सापडला! कागद खिडकीत उजेडापुढे धरला तेव्हा दिसला. कडेने अक्षरं पुसट आहेत, पण खाली ‘मिल आवार’ आणि ‘मुंबई १२’ स्पष्ट.

पोटनियम

मग निकाल लागला. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला, त्याआधी मुंबईत नुसते विभाग क्रमांक. १२ म्हणजे परळ, आजचं ४०००१२. नायगाव-दादर १४. हा अपना बाजारचा शेअर नाही. कुठल्यातरी परळच्या गिरणीच्या आवारातल्या कामगारांच्या भांडाराचा आहे. आजोबा कुठे होते कामाला?

नायगाव_बेचाळीस

परळलाच. गिरणीचं नाव नको. बाबांना आत्ता विचारलं, ते आधी ‘नाही नाही, अपना बाजारच’ म्हणाले. मग पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून येऊन म्हणाले, “गेटच्या आत डाव्या हाताला एक खिडकी होती. तिथून तांदूळ यायचा. अण्णा पिशवी आणायचे.” सत्तर वर्षांच्या माणसाला ही खिडकी चाळीस वर्षांत पहिल्यांदा आठवली.

हिशेबनीस_नि

गिरणीतल्या भांडारांची पद्धत मला माहीत आहे, आमचे एक सहकारी तशाच ठिकाणाहून आले होते. सभासद फक्त त्या गिरणीचे कामगार. माल कार्डावर उचलायचा, पैसे पगारातून कापून गिरणीचं ऑफिस थेट सोसायटीला द्यायचं. उधारी बुडायची भीती नाही, वसुलीला माणूस नको. याहून सुरक्षित धंदा नाही असं वाटायचं. रॉचडेलवाल्यांनी रोखीचा हट्ट का धरला होता ते मात्र १८ जानेवारी १९८२ नंतर कळलं. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर. पगारच नाही तर कपात कशातून? कार्डांवरची बाकी तशीच राहिली, सोसायटीने घाऊक व्यापाऱ्याचं देणं थकवलं, आणि गेटच बंद म्हटल्यावर आवारातली खिडकी कोणाला उघडायची? आमचे सहकारी सांगायचे, शेवटच्या आठवड्यात चिटणिसांनी उरलेलं धान्य कार्ड न बघता वाटून टाकलं. हिशेबाच्या दृष्टीने तो गुन्हा. मी हिशेबनीस असून त्यांना दोष देत नाही.

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न होता ना, गिरणी गेली की काय उरणार. अपना बाजारचं दुकान रस्त्यावर होतं, कुणालाही आत यायला मोकळं, हा फरक फार मोठा.

मिसळ_पाव_किलो

म्हणजे दहा रुपये गेले का? व्याजासकट आज किती झाले असते?

पोटनियम

व्याज नसतंच, लाभांश असतो. त्यावरही कायद्याने वरची मर्यादा, कलम ६७ प्रमाणे १५ टक्के. त्याआधी नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला. सभासद वारला तर भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे जातो, पण त्याला संस्था जिवंत लागते. अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायला काढली असेल तर आधी ज्यांचं देणं आहे ते, उरलं तर सभासद. उरत नाही.

गंमत अशी की २०१३च्या दुरुस्तीने कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ आणला. पाच वर्षांत किमान एका सभेला हजर राहा आणि संस्थेच्या सेवा थोड्या तरी वापरा. पुढे त्यात पुन्हा बदल झाले. आपल्याच दुकानात खरेदी करा, हे माणसांना कायद्याने सांगायची पाळी आली.

पंचगंगाकाठ

स्टीलचा डबा देणं सोपं होतं.

लालबागची_लेक

नायगावकर, मागच्या चार नोंदींत आकडे काय आहेत? उत्सुकता.

नायगाव_बेचाळीस

१९७६, ७७, ७८ला प्रत्येकी ९० पैसे. १९७९ला साठ. शेवटच्या नोंदीपुढे आजोबांची सही नाही, अंगठाही नाही. चिटणिसांची सही आहे. म्हणजे ते साठ पैसे त्यांनी घेतलेच नाहीत बहुतेक. बाबा म्हणतात तो कागद लॅमिनेट कर. आई म्हणते लॅमिनेट केलं की मागची शाई पसरेल, तसाच ठेव. सध्या तो रेशनकार्डाबरोबर परत दुधाच्या पिशवीत आहे.